पुसता येणारी रेघ

गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. वसईकडच्या आमच्या एका नातलगांच्या जुन्या घराच्या ओटीवर आम्ही बसलो होतो. घर जवळजवळ शंभर वर्षांचे. वासे वाळवीने पोखरलेले, कौले दरवर्षी शाकारूनही गळणारी. ते उतरवून त्याच जागी नवे घर बांधावे, असे सर्वांच्या विचाराने ठरले होते. घरातला नातू नुकताच वास्तुरचनेची पदवी घेऊन आला होता. त्याने मांडीवर टॅब्लेट घेतला, हातात त्याची ती पांढरी लेखणी धरली आणि चहा निवण्याच्या आत नव्या घराचा आराखडा पडद्यावर उभा केला. एक भिंत आली, दुसरी गेली. जिना उजवीकडून डावीकडे सरकला, स्वयंपाकघराने देवघराशी जागेची अदलाबदल केली. पायरीवर बसलेले एक वृद्ध गवंडी हे सारे कौतुकाने न्याहाळत होते. त्या आळीतील निदान दोन पिढ्यांची घरे त्यांच्या हातून उभी राहिली आहेत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "बाळा, ही रेघ चुकली तर काय करतोस?" नातू हसून म्हणाला, "पुसतो, काका. दोन बोटे टेकवली की मागची रेघ जाते. खूणसुद्धा राहत नाही." वृद्धांनी मान डोलावली आणि काहीसे स्वतःशीच म्हटले, "आणि भिंत चुकली तर?"

त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही. चहाचे कप आत गेले, बोलणे सिमेंटच्या भावाकडे वळले. आमच्या मनात मात्र तो प्रश्न घर करून राहिला. वरवर पाहता तो एका जुन्या कारागिराचा नव्या साधनाविषयीचा अविश्वास वाटेल, पण तो तसा नाही. त्यामागे एक खरा नैतिक प्रश्न उभा आहे. जी रेघ कोणतीही खूण न ठेवता पुसता येते, ती ओढणाऱ्याचे त्या रेघेशी असलेले नाते आणि जी पुसता येत नाही तिच्याशी असलेले नाते, ही दोन्ही एकाच जातीची असतात काय? साधन बदलले म्हणजे केवळ कामाचा वेग बदलतो, की काम करणाऱ्याचे उत्तरदायित्वही बदलते? या लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार करू इच्छितो.

आधी साधनाकडे पाहू. ज्या वाचकांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एखाद्या वास्तुरचनाकाराचे कार्यालय पाहिले असेल, त्यांना उतरता लाकडी फळा, त्यावर ताणून बसवलेला ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि शाईची बारीक नळीची पेने आठवतील. शाईची रेघ चुकली तर ती दाढीच्या ब्लेडने हलकेच खरवडावी लागे. एकाच जागी दोनतीनदा खरवडले की कागदाला भोक पडे आणि सबंध नकाशा पुन्हा काढावा लागे. त्यामुळे रेघ ओढण्यापूर्वी हात क्षणभर हवेत थांबत असे. त्या थांबण्यात विचार होता, भीतीही होती.

पडद्यावर थेट रेघ ओढण्याची कल्पना तशी नवी नाही. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली सिद्ध केली. तिच्यात प्रकाशलेखणीने संगणकाच्या पडद्यावर आकृत्या काढता येत. १९८२ साली 'ऑटोकॅड' आले आणि पुढील दोन दशकांत ड्रॉइंगचे फळे कार्यालयांतून माळ्यावर गेले. २००७ साली आयफोन, २०१० साली आयपॅड आणि २०१५ साली दाब ओळखणारी त्याची लेखणी, अशा क्रमाने हा पडदा टेबलावरून उतरून खिशात आणि मांडीवर आला. आता चित्र पारदर्शक थरांवर थर रचून काढता येते, एखादा थर लपवता येतो, रंग ओतता येतो, कोपरा शंभरपट मोठा करून पाहता येतो. आणि या साऱ्या सोयींच्या मुळाशी ती एक कळ असते: मागे घ्या.

प्रत्येक नव्या साधनावर जुन्यांनी आक्षेप घेतलेलेच आहेत. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात एक कथा येते. थ्यूथ नावाचा देव लेखनकला शोधून काढतो आणि ती घेऊन इजिप्तच्या राजाकडे जातो, तेव्हा राजा थामस त्याला बजावतो की या कलेने माणसांची स्मृती दुबळी होईल. १८४१ साली जॉन रँड या चित्रकाराने तैलरंगासाठी मऊ धातूच्या नळीचे पेटंट घेतले. रंग स्वतः घोटून तयार करणे हा ज्यांना चित्रकाराच्या साधनेचाच भाग वाटत होता, त्यांना हे रुचणे कठीणच होते. परंतु त्याच नळ्या पिशवीत टाकून पुढच्या पिढीचे चित्रकार नदीकाठी आणि शेतात गेले, आणि उघड्या आकाशाखालचा प्रकाश चित्रात आला. तेव्हा नवे साधन आले म्हणून कला बुडाली, ही तक्रार इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. पण त्यावरून साधने निरुपद्रवी असतात असेही सिद्ध होत नाही. थामस राजा सर्वस्वी चुकला नव्हता. लेखनाने आपल्याला ग्रंथ दिले, हे खरे आणि पाठांतराची शक्ती नेली, हेही खरे. साधन एका हाताने काय देते आणि दुसऱ्या हाताने काय उचलून नेते, हे नीट पाहणे एवढेच शहाण्या माणसाच्या हाती असते.

चित्रकलेच्या बाजूने या साधनाची सर्वांत प्रामाणिक परीक्षा कोणी घेतली असेल, तर ती डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराने, असे आम्हांस वाटते. १९३७ साली ब्रॅडफर्ड येथे जन्मलेल्या हॉकनींनी आयफोनवर चित्रे काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. जगभर कीर्ती मिळालेली होती, सिद्ध करण्यासारखे काही उरले नव्हते. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील ब्रिडलिंग्टन गावी ते पहाटे उठत आणि अंथरुणात बसूनच, खिडकीतून दिसणारा सूर्योदय अंगठ्याने फोनवर रंगवीत. कागदावर हे जमण्यासारखे नव्हते. रंग दिसावेत म्हणून दिवा लावला की पहाट विरून जाते. फोनचा पडदा स्वतःच उजळलेला असतो, म्हणून अंधारात बसून उजेडाचे चित्र काढता आले. फुलदाणीतील ताज्या फुलांची चित्रे काढून ते सकाळीच मित्रांना पाठवीत. त्या आज्ञावलीत आणखी एक सोय होती. काढलेले चित्र पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत पुन्हा उलगडत जाताना पाहता येई. अर्धशतक चित्रे काढणाऱ्या या कलावंताला आपला हात कसा चालतो, हे त्या वयात प्रथमच त्रयस्थासारखे पाहता आले.

पुढे २०११ साली त्यांनी वोल्डगेट नावाच्या एका साध्या ग्रामीण रस्त्यावरचे वसंताचे आगमन आयपॅडवर चितारले. ऐन हिवाळ्यात, झाडे उघडीबोडकी असताना त्यांनी आरंभ केला आणि फांद्यांवर पालवी दाटेपर्यंत ते त्याच रस्त्यावर जात राहिले. त्यांतील ५१ चित्रे कागदावर मोठ्या आकारात छापली गेली आणि ३२ कॅनव्हासांच्या एका भव्य तैलचित्रासह २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली गेली.

येथे आम्हांस जे लक्षात घ्यावेसे वाटते ते असे. हॉकनींच्या हाती रेघ पुसण्याची पूर्ण मुभा होती, परंतु त्यांनी जो विषय निवडला त्याला ती नव्हती. वसंत मागे घेता येत नाही. अमुक झाडाची पालवी मंगळवारी हुकली तर ती बुधवारी निराळी झालेली असते. साधनाने हाताचे कष्ट हलके केले, तेव्हा या कलावंताने ते कष्ट डोळ्यांवर आणि पायांवर घेतले. थंडीत बाहेर पडायचे, त्याच वळणावर थांबायचे, काल न दिसलेले आज पाहायचे. श्रम नाहीसे झाले नाहीत, त्यांनी आपली जागा बदलली. आमच्या मते सोपे साधन वापरणाऱ्याची पहिली कसोटी हीच असावी. वाचलेले श्रम त्याने कोठे नेऊन ठेवले? ते अधिक पाहण्याकडे, अधिक समजून घेण्याकडे गेले असतील, तर साधनाने त्याला मोठे केले. ते कोठेच गेले नसतील, तर साधनाने त्याला केवळ वेगवान केले.

याच ठिकाणी एक गोष्ट नमूद न करणे अन्यायाचे होईल. उत्तम कागद, ब्रश आणि रंग ही सदैव पैसेवाल्यांची साधने राहिली आहेत. जलरंगाचा चांगला कागद विकत घेऊन त्यावर चुकण्याची चैन किती घरांतील मुलांना परवडते? वडिलांच्या जुन्या फोनवर बोटाने चित्र काढणारे मूल कागद वाया घालवल्याबद्दल बोलणी न खाता शंभर वेळा चुकू शकते आणि शंभर वेळा चुकल्यावाचून कोणाचाही हात बसत नाही. ज्यांचा हात कापतो, ज्यांना अंथरुणावरून उठता येत नाही, अशांनाही या पडद्याने रेघ परत दिली आहे. पुसण्याची सोय ही त्यांच्या बाबतीत केवळ सोय नाही, ती दया आहे. जे लोक 'खरी कला कागदावरच' असे ठामपणे सांगतात, त्यांनी ही बाजू ध्यानात घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

आता पुन्हा त्या वृद्ध गवंड्यांच्या प्रश्नाकडे वळू. हॉकनींच्याच एका कामाने आम्हांस त्याकडे जाण्याची वाट दाखवली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राणी एलिझाबेथ द्वितीय यांच्या राजवटीचे स्मरण म्हणून २०१८ साली एक मोठी रंगीत काचेची खिडकी बसवण्यात आली. तिची संकल्पना हॉकनींनी आयपॅडवर रेखाटली. यॉर्कशरमधील हॉथॉर्नचा बहर असा तिचा विषय आहे. आयपॅडचा पडदा आणि काचेची खिडकी या दोन्हींना प्रकाश मागून मिळतो, म्हणून हे साधन या कामाला विशेष अनुरूप ठरले. पण ती खिडकी टॅब्लेटमधून बाहेर पडली नाही. यॉर्कजवळच्या एका कर्मशाळेतील कारागिरांनी काच निवडली, कापली, शिशाच्या पट्ट्यांत जडवली आणि ती उंचावर बसवली. चित्रकाराचे बोट पडद्यावर जेथे सहज वळले, तेथे कोणाला तरी काच वळवून कापावी लागली. पडद्यावरची रेघ जेव्हा वस्तू होऊ लागते, तेव्हा ती दुसऱ्याच्या हातात जाते. मग ती पुसायची तर त्याचे मोल त्या दुसऱ्याच्या घामात मोजावे लागते.

चित्र आणि वास्तू यांतला भेद येथे आहे. चित्रकाराची चूक बहुधा चित्रकारालाच भोगावी लागते. चित्र फसले तर ते भिंतीकडे तोंड करून ठेवता येते. घर फसले तर त्यात माणसे राहतात. अंधाऱ्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षे चूल पेटवणाऱ्या स्त्रीने तो आराखडा काढलेला नसतो. पाण्याचा ओघ चुकल्यामुळे दर पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, तेव्हा नकाशा काढणारा तेथे नसतो.

ॲरिस्टॉटलने आणि त्याच्यामागून संत थॉमस अक्वायनस यांनी दोन सद्गुणांमध्ये जो भेद केला आहे, तो या संदर्भात आम्हांस फार उपयोगी वाटतो. एक गुण कौशल्याचा. म्हणजे जी वस्तू करायची तिच्याविषयीची यथार्थ बुद्धी. दुसरा विवेकाचा. म्हणजे जे आचरण करायचे त्याविषयीची यथार्थ बुद्धी. या दोहोंतील फरक दाखवताना ते एक मार्मिक गोष्ट सांगतात. कौशल्याच्या प्रांतात जो जाणूनबुजून चुकतो, तो नकळत चुकणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ. उत्तम गायक मुद्दाम बेसूर गाऊन दाखवू शकतो, त्याने त्याच्या गायकीला बाध येत नाही. विवेकाच्या प्रांतात मात्र उलटे असते. तेथे नकळत चुकणाऱ्याला क्षमा असते, आणि जाणूनबुजून चुकणारा अधिक दोषी ठरतो.

टॅब्लेटची थोरवी अशी की त्याने जाणूनबुजून चुकणे अत्यंत स्वस्त केले. वाटेल तशी रेघ ओढून पाहावी, नको ती ठेवू नये. कौशल्याच्या प्रांतात हे वरदानच आहे. अडचण तेथे सुरू होते, जेथे ही सवय कळत नकळत दुसऱ्या प्रांतात शिरते. पडद्यावर दिवसभर वावरणाऱ्या मनाला प्रत्येक गोष्ट मागे घेता येण्याजोगी वाटू लागते. 'पुढे बघू', 'जागेवर बदलून घेऊ', 'कंत्राटदार सांभाळून घेईल' असे शब्द सहज तोंडी येतात. परंतु घर बांधणे ही केवळ निर्मिती नाही, ते दुसऱ्या माणसांशी केलेले वर्तन आहे. तेथे नुसते कौशल्य पुरत नाही, विवेक लागतो.

या भुलीला हातभार लावणारा पडद्याचा एक गुणधर्म आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कागदावरच्या नकाशाला एक ठरलेले प्रमाण असे, एकास शंभर किंवा एकास पन्नास. वर्षानुवर्षे त्याच प्रमाणात काम केल्याने काढणाऱ्याच्या बोटांना ठाऊक असे की कागदावरचे एवढे अंतर म्हणजे माणसाचे एक पाऊल, एवढे म्हणजे खाटेची लांबी. पडद्यावर दोन बोटे फाकवली की स्नानगृह मैदानाएवढे होते, चिमटीत घेतले की सबंध इमारत काडेपेटीएवढी होते. मोजमापांचे आकडे बिनचूक असतात, पण शरीराची आठवण निसटते. जिन्याच्या पायरीचेच पाहा. सहा इंचांची उठण आणि आठ इंचांची उठण यांतला फरक पडद्यावर केसाएवढा. गुडघे दुखणाऱ्या आजीला तो दिवसातून दहा वेळा भोगायचा असतो. तो केस आणि तो गुडघा यांच्यामधले अंतर ज्याला दिसत नाही, त्याची रेघ कितीही देखणी असली तरी ती आंधळीच म्हणावी लागेल.

तयार वस्तूंचा मोहही असाच. या आज्ञावल्यांच्या कोठारात खिडक्या, दारे, कठडे, संपूर्ण दर्शनी भाग आयते मिळतात. कोठल्याशा थंड देशातील सूर्यप्रकाशाला आसुसलेल्या घराची अखंड काचेची भिंत एका स्पर्शात आपल्याकडच्या आराखड्यात येऊन बसते. मग ती पश्चिमेला तोंड करून उभी राहिली की उन्हाळ्यात तापते आणि पावसाळ्यात नैऋत्येचे झोड अंगावर घेते. आमच्या जुन्या घरांच्या उतरत्या छपरांना, खोल पडवीला आणि पुढे आलेल्या वळचणीला एक कारण होते. ते कारण कोठारातील चित्रासोबत येत नाही.

चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कंबाला हिलवर बांधलेली आणि १९८३ साली पूर्ण झालेली कांचनजंगा ही इमारत येथे आठवते. मुंबईत वारा आणि समुद्राचे दर्शन हवे तर घर पूर्व-पश्चिम असावे लागते, पण कडक ऊन आणि जोरदार पाऊस त्याच दिशांनी येतो. जुन्या बंगल्यांनी राहत्या खोल्यांभोवती पडवी फिरवून हा पेच सोडवला होता. कोरियांनी तीच पडवी उंच इमारतीत नेली. कोपऱ्याकोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या उघड्या बागा कोरून त्यांनी ऊन-पावसाला घराच्या आतल्या अंगापासून दूर ठेवले. ते उत्तर जुन्या घरांच्या आणि इथल्या हवेच्या स्मरणातून आले होते. हे स्मरण असलेल्या माणसाच्या हाती टॅब्लेट द्या, तो त्याचे सोने करील. ते नसलेल्याच्या हाती शिसपेन्सिल दिली म्हणून काही साधत नाही.

याची दुसरी बाजू दाखवणारे उदाहरण बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया या मंदिराचे आहे. अंतोनी गौदी यांनी कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी कमानींचे आकार ठरवण्याकरिता एक विलक्षण नमुना केला होता. छताला दोऱ्या टांगून त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या लहान पिशव्या लावल्या. भाराने दोऱ्या आपोआप ज्या वळणात लोंबल्या, त्यांची छायाचित्रे उलटी धरली की कमानींचे भार पेलणारे आकार मिळत. या कामात सुमारे दहा वर्षे गेली. एक दोरी हलवली की सगळ्या दोऱ्या हलत, आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षणच रेघ तपासून देई. साग्रादा फामिलियाचे काम १८८२ साली सुरू झाले होते आणि पुढच्याच वर्षी ते गौदींकडे आले. १९२६ साली ट्रामच्या धक्क्याने त्यांचा अंत झाला. १९३६ साली, स्पेनमधील यादवीच्या आरंभी, त्यांची कर्मशाळा जाळली गेली आणि प्लॅस्टरचे नमुने फोडून टाकण्यात आले. उरले ते तुकडे.

१९७९ साली मार्क बरी हा न्यूझीलंडचा तरुण तेथे आला. त्या तुकड्यांवरून गौदींच्या मनातील भूमिती शोधून काढण्याच्या कामात तो सामील झाला. सरळ रेषा फिरवून निर्माण होणारे ते वक्र पृष्ठभाग हाताने रेखाटणे अतिशय कष्टाचे होते. पुढे या कामासाठी संगणक आले आणि विमाने बनवण्यासाठी तयार झालेली आज्ञावली त्यांत वापरली गेली. २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्या मंदिराचे समर्पण केले. येथे पडद्याने कोणाची हौस पुरवली नाही. मरण पावलेल्या माणसाचे म्हणणे नीट ऐकून घेण्यासाठी तो राबला. रेघा असंख्य वेळा पुसल्या गेल्या असतील, पण त्या पुसण्यामागे हयगय नव्हती, तो शोध होता.

पॅरिसच्या नोत्र दामचीही अशीच कथा आहे. अँड्रू टॅलन या कला-इतिहासकाराने त्या महामंदिराचे लेसर किरणांनी मोजमाप घेऊन अब्जाहून अधिक बिंदूंचा संग्रह करून ठेवला होता. २०१४ साली दोन फ्रेंच वास्तुरचनाकारांनी छपराच्या ओकच्या सांगाड्याची बारकाईने मापे घेतली होती. १५ एप्रिल २०१९ रोजी ते छप्पर जळाले. पुन्हा बांधताना ही सारी मापे हाताशी होती, आणि सुतारांनी ओकचे ओंडके जुन्या पद्धतीने कुऱ्हाडीने तासले. डिसेंबर २०२४ मध्ये मंदिराची दारे पुन्हा उघडली. पडदा आणि कुऱ्हाड यांचे तेथे भांडण झाले नाही, कारण दोन्ही धरणारे हात एकाच वास्तूला उत्तर देत होते.

आज तर गोष्ट आणखी पुढे गेली आहे. फोनला एक वाक्य सांगितले की तो घराचे संपूर्ण चित्र रंगवून देतो, एकही रेघ ओढावी लागत नाही. अशा चित्रातून कल्पना सुचू शकेल, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या रेघेपाशी कोणाचा हात क्षणभरही थांबला नाही, तिच्याविषयी 'ही माझी, हिचा जाब मला विचारा' असे कोण म्हणणार? यंत्राला जाब विचारता येत नाही. तेव्हा चित्र कोठूनही येवो, ज्याने ते गवंड्याच्या हाती दिले, त्याने ती प्रत्येक रेघ स्वतः ओढल्यासारखी तपासली पाहिजे. साधन जितके सोपे, तितके हे बंधन अधिक कडक व्हावयास हवे.

वाचकहो, त्या ओटीवरील गोष्ट तेथेच संपली नाही. नातवाने तो प्रश्न ऐकला होता, आणि तो त्याला लागलाही होता. जुने घर उतरवून जागा मोकळी झाली, तेव्हा एके सकाळी तो टॅब्लेट, सुतळी आणि फक्कीची पिशवी घेऊन तेथे उभा राहिला. वृद्ध गवंडी आपला गुण्या घेऊन आले. दोघांनी मिळून पडद्यावरचा आराखडा खऱ्या मापाने जमिनीवर आखला. मग नातवाने आजीला हाक मारली आणि म्हटले, "आजी, ह्या रेघांतून चालून बघ."

आजी हाताने हवेतले दार उघडल्यासारखे करून आत आली. स्वयंपाकघराच्या चौकोनात उभी राहिली. "इथून अंगणात कोण आलं ते मला दिसणार नाही," ती म्हणाली. फक्की पायाने पुसली गेली आणि खिडकी दोन हात सरकली. न्हाणीपर्यंतची वाट तिला लांब वाटली, तीही बदलली. जिन्याची पायरी किती उंच ते गवंड्यांनी विटा रचून दाखवले. आजी त्यावर चढली, उतरली, आणि एक वीट काढायला लावली. दुपारपर्यंत घराचा आराखडा तीनदा बदलला होता. नातू तेथेच बसून ते बदल टॅब्लेटवर उतरवीत होता.

हे पाहताना आम्हांस आमच्या प्रश्नाचे उत्तर सापडले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एवढे मात्र कळले. पुसता येणे हा दोष नाही. फक्कीची रेघही पुसता येतेच. पण ती पुसली गेली ती ज्यांना त्या घरात राहायचे आहे त्यांच्या पायांनी, आणि ज्यांना ते बांधायचे आहे त्यांच्या देखत. चुकांची मुभा आपल्याला जेवढी अधिक मिळाली आहे, तेवढ्या चुका आपण आधीच, आपल्याच खर्चाने करून घ्याव्यात. दुसऱ्याने पाया खणायला घेतल्यावर ती मुभा संपते, आणि ती तेथे संपते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती कोणतेही साधन शोभून दिसते.

घराचे जोते आता वर आले आहे. परवा आम्ही तेथून जात होतो, तेव्हा ते वृद्ध गवंडी ओळंबा सोडून भिंतीची कड पाहत होते. शेजारी विटांच्या ढिगावर टॅब्लेट उघडा ठेवला होता आणि नातू उकिडवा बसून, ओळंबा स्थिर होण्याची वाट पाहत होता.